अर्जेंटिना, व्हाया मिरज

आमच्या ग्रुपमध्ये हल्ली ‘फॉरेन रिटर्न’ नसलेला माणूस शोधावा लागतो. कुणी बँकॉकला जाऊन आलंय, कुणी दुबईला. एक जण तर थेट लिव्हरपूलच्या स्टेडियमबाहेर उभा राहून फोटो काढून आलाय. आतलं तिकीट परवडलं नाही, पण डीपी मात्र जाम भारी! फुटबॉलवेड्या देशात जायचं, टीम जिंकली की तिथल्या अनोळखी लोकांच्या गळ्यात पडून भर रस्त्यात नाचायचं, ही आपल्या पिढीची एक टिपिकल फँटसी आहे. माझीही होती. फरक एवढाच की मी ती एसटीनं पूर्ण केली. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. लातूर ते कोल्हापूर, व्हाया सोलापूर, सांगोला, मिरज.

हसू नका. मराठवाड्यातल्या मुलीला कोल्हापूर हे बऱ्यापैकी फॉरेन असतं. भाषेपासूनच सुरुवात होते. आम्ही ‘काय करायलीस?’ विचारतो, तिथं ‘काय करालीस?’ म्हणतात. आमच्याकडे मुलगी ‘मी जाते’ म्हणते, तिथल्या मुली बिनधास्त ‘मी जातो’ म्हणतात. पुण्यात माझी रूममेट कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली होती. पहिल्या दिवशी ती ‘मी अंघोळीला जातो’ म्हणाली, तेव्हा मी दाराकडे बघितलं होतं, कोण आलंय म्हणून!

या रूममेटनंच डिसेंबर २०२२ मध्ये फोन केला. मी लातूरला मावशीकडच्या लग्नात होते. ‘रविवारी फायनल हाय. अर्जेंटिना आणि फ्रान्स. ह्या येळंला नाही आलीस तर परत तोंड दाखवू नको.’ म्हटलं, मॅच काय, लातूरच्या टीव्हीवरही दिसेल. त्यावर ती म्हणाली, ‘मॅच बघायला कोण बोलवतंय? मॅचच्या नंतरचं बघायला ये.’

त्या ‘नंतरच्या’बद्दल बोलण्याआधी गर्दी या प्रकाराशी माझं काय नातं होतं, ते सांगायला हवं.

मी मूळची नांदेडची. गर्दीचं आम्हाला नवल नाही. दसऱ्याला आणि होळीच्या वेळी गुरुद्वाऱ्याचा हल्लाबोल असतो. घोडे, निशाणसाहिब, तलवारी, आणि अरदास झाली की एकदम धावत सुटणारी हजारो माणसं. अंगावर काटा येतो. २००८ साली गुरुतागद्दीला ३०० वर्षं झाली, तेव्हा मी सहावीत होते. कॅनडा-इंग्लंडहून आलेले पाहुणे आमच्या रस्त्यांवरून चालायचे आणि आम्ही पोरंसोरं त्यांच्यामागं. तेव्हा फॉरेनर ते होते आणि यजमान आम्ही. कुणी पत्ता विचारला की अगदी दारापर्यंत नेऊन सोडायचो.

मग २ एप्रिल २०११. धोनीचा तो सिक्स. तुम्हालाही आठवत असेल, तुम्ही कुठं होतात ते. आमच्या गल्लीतला एकही मुलगा तीन मिनिटांनंतर घरात नव्हता. फटाके, शिट्ट्या, बाइकचे हॉर्न... आणि आम्ही मुली गॅलरीत. मी चप्पल घालायला गेले तर आतून एकच प्रश्न आला, ‘तू कुठं निघलीस?’ आवाज रागाचा नव्हता. खरंच आश्चर्य वाटलं होतं घरच्यांना. वर्ल्ड कप देशानं जिंकला होता, पण रस्ता दादालोकांचा होता.

पुढं अकरावी-बारावी लातूरला. ‘लातूर पॅटर्न’बद्दल मी काय सांगावं! क्लास, कॉलेज, पुन्हा क्लास, टेस्ट सिरीज आणि अंधार पडायच्या आत होस्टेल. जुलै २०१४ मध्ये जर्मनीनं ब्राझीलला ब्राझीलमध्येच ७-१ असं धुतलं, ते मला दुसऱ्या दिवशी फिजिक्सच्या क्लासमध्ये मागच्या बाकावरच्या मुलांकडून कळलं. आणि मी पुण्याला गेल्यावर, मार्च २०१६ मध्ये, याच लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली. कलम १४४! माणसं घागरी घेऊन जमत होती, त्यांची भांडणं होऊ नयेत म्हणून. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा ती बघायलाही गर्दी झाली. टीव्हीवर ते बघताना मला आधी बरं वाटलं आणि मग कसंतरीच झालं.

थोडक्यात, आमच्याकडे रस्त्यावर माणसं जमायची ती एक तर श्रद्धेनं, नाही तर टंचाईनं. नुसती मजा म्हणून, तीही मुलींनी, तीही रात्री... हा चॅप्टर आमच्या सिलॅबसमध्येच नव्हता.

तर अशी मी, शनिवारी रात्री एसटीत बसले. पहाटे मिरज आलं तेव्हा जाग होती. पाणी आलं ते इथून, मी चाललेय ती इथून पुढं. म्हटलं, बघू या आपल्या वाट्याला काय येतंय.

कोल्हापुरात उतरले आणि पेठांमध्ये शिरले तर डोकं टोटल आऊट! एका गल्लीत आकाशी-पांढरे झेंडे, पुढच्या गल्लीत पिवळे-हिरवे. चौकात मेस्सीचा डिजिटल फ्लेक्स, आणि खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या पोरांचे पासपोर्ट साइज फोटो! आमच्याकडे अशा फ्लेक्सवर नगरसेवक असतात. इथं मेस्सीला ‘भावा’ म्हटलं होतं.

हे येडेपण एका वर्ल्ड कपपुरतं नाही, हे मला रूममेटच्या वडिलांनी नाश्त्याला मिसळ खाता खाता समजावलं. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत. मुळात त्या कुस्तीच्या. १८९४ ते १९२२ हा राजर्षी शाहू महाराजांचा काळ. त्यांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, आणि तालीम हे पेठेतल्या पोरांचं दुसरं घर झालं. पुढं याच तालमींनी फुटबॉलच्या टीम काढल्या. म्हणून इथल्या टीमची नावं ‘युनायटेड’ आणि ‘सिटी’ नाहीत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम... नाव ऐकून वाटावं आता पैलवान लंगोट कसून येणार, आणि येतात ते स्टड घातलेले फॉरवर्ड! सामने होतात ते शाहू स्टेडियमवर. २०१७ मध्ये भारतात अंडर-१७ वर्ल्ड कप झाला, तेव्हा भारताच्या टीममध्ये खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा.

गंमत बघा. लातूरमधलं ज्याचं नाव अख्ख्या महाराष्ट्रातल्या पालकांना पाठ आहे, ते कॉलेजही राजर्षी शाहूंच्याच नावाचं. एकाच राजाचं नाव. आमच्याकडे त्या नावाखाली मेरिट लिस्ट लागते, यांच्याकडे त्या नावाखाली मॅच लागते. दोन्ही ठिकाणी पोरं जीव तोडून पळतात म्हणा!

काका ब्राझीलचे. ९ डिसेंबरला क्वार्टर फायनलमध्ये क्रोएशियानं ब्राझीलला पेनल्टीवर घरी पाठवलं, तेव्हापासून त्यांनी घरात सुतक पाळलं होतं. मुलगा अर्जेंटिनाचा. बापलेकात नऊ दिवस फुटबॉलवर बोलणं बंद. ‘आज मग फ्रान्सला सपोर्ट का, काका?’ मी विचारलं. ‘छ्या! वैर वैराच्या जागी. फ्रान्स आपलं कोण लागतंय?’

आता तुम्हीच सांगा, अर्जेंटिना तरी आपलं कोण लागतंय? पण हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. साडेआठला मॅच सुरू झाली.

मॅचबद्दल मी पामर काय लिहिणार? चौकात पडदा लावला होता, थंडी होती, मफलर गुंडाळलेली माणसं होती. हाफ टाइमला २-० आणि पोरांनी फटाक्यांची माळ सोडायला घेतलेली. ८० व्या मिनिटाला एम्बापेचा पेनल्टीवर गोल, आणि पुढच्या दोन मिनिटांच्या आत दुसरा. अख्खा चौक गपगार! एक आजोबा टोपी काढून हातात धरून बसले ते शेवटपर्यंत. एक्स्ट्रा टाइममध्ये मेस्सीनं ३-२ केलं, एम्बापेनं पुन्हा ३-३. आणि अगदी शेवटच्या क्षणी मार्टिनेझनं पाय पसरून जो बॉल अडवला ना, तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी माझा दंड असा आवळला की दुसऱ्या दिवशी वळ होता. माझी-त्यांची ओळख नाही. साडेअकराच्या आत-बाहेर माँटिएलची पेनल्टी जाळ्यात गेली.

आणि रस्ता फुटला.

दुसरा शब्द नाही. हलगी सुरू झाली. गुलाल कुठून आला कळलं नाही. गल्ल्यागल्ल्यांतून माणसं मिरजकर तिकटीकडे आणि शिवाजी चौकाकडे निघाली. झेंडे, भोंगे, सायलेन्सर काढलेल्या बाइक्स, एकेकीवर तिघं-तिघं. मी सवयीनं मागं सरकले. पायरीवर, भिंतीला पाठ लावून. गॅलरी नव्हती, पण पायरी होती. फोन काढला आणि शूटिंग सुरू केलं. जर्नलिस्ट असल्याचा हा एक फायदा असतो, मागं उभं राहायला कारण मिळतं.

काकूंनी मला बघितलं. रूममेटची आई. अंगात स्वेटर, वर शाल, केसांत गुलाल. ‘फोन ठेव आत,’ म्हणाल्या आणि मनगट धरून मला ओढलं. समोरून लोंढा येत होता. माझं अंग आपोआप आक्रसलं. पर्स पुढं, कोपरं बाहेर. मुलींना सांगायला नको, ही पोझ आपल्याला शिकवावी लागत नाही. काकूंनी तेवढ्यात आवाज टाकला, ‘ए, वाट सोडा रं! पाव्हणी हाय. नांदेडनं आलीया!’

एक पोरगा थांबला. गालावर तीन पट्टे रंगवलेले, डोक्याला झेंडा. ‘नांदेडनं? एवढ्या लांबनं? मॅचसाठी?’ मी मान हलवली. तो मागं वळून ओरडला, ‘भावांनो, नांदेडनं सपोर्टर आलाय!’ आणि जागा झाली. खरंच झाली. चार-पाच जण बाजूला सरकले, मध्ये एवढीशी मोकळी जागा. हलगीवाला त्या जागेकडे वळला. मग काय करता? नाचले! मला नाचता येत नाही. लग्नात मी जेवणाच्या पंगतीकडे पळणाऱ्यांतली. पण त्या रात्री पंचवीस वर्षांचा बॅकलॉग भरून काढला.

पहाटे दोनला घरी आलो तेव्हा आज्जी जाग्या होत्या. ‘कोण जिंकलं?’ काका बिछान्यातून म्हणाले, ‘झोप आई, आपलं कुणी नव्हतं त्यात.’

ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून राहिलं. खरंच, आपलं कुणीच नव्हतं की त्यात! भारत आजवर पुरुषांचा फुटबॉल वर्ल्ड कप एकदाही खेळलेला नाही. १९५० मध्ये जागा मिळाली होती, पण टीम गेलीच नाही. तरी १९८६ मध्ये मेक्सिकोतल्या मॅराडोनानं देशातल्या कित्येक घरांत टीव्हीतून उडी मारली ती मारलीच. कोलकाता घ्या, केरळ घ्या. याच २०२२ च्या वर्ल्ड कपआधी कोझिकोड जिल्ह्यात पुल्लावूरच्या पोरांनी नदीत मेस्सीचा तीस फुटी कटआउट उभा केला. ब्राझीलवाल्यांनी शेजारी नेमारचा चाळीस फुटी लावला. पार फिफानं दखल घेतली. बांगलादेशात तर अर्जेंटिनाच्या नावानं एवढा कल्ला झाला, की १९७८ पासून बंद असलेली ढाक्यातली वकिलात अर्जेंटिनानं फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा उघडली. म्हणजे रस्त्यावर नाचणाऱ्यांनी परराष्ट्र खात्याला कामाला लावलं, बॉस!

लोक या सगळ्याला येडेपणा म्हणतात. ‘स्वतःच्या टीमचं बघा आधी.’ मला मात्र त्या रात्री एक वेगळीच गोष्ट कळली. मंगळवार पेठेत त्या चौकात अर्जेंटिनाचा खरा नागरिक एकही नव्हता. कुणाचाही तो विजय नव्हता. आम्ही सगळेच तिथं परके होतो, आणि म्हणून नांदेडची मी आणि पेठेत जन्मलेला तो पट्टेवाला एका लेव्हलवर होतो. उसन्या आनंदात यजमान कुणीच नसतो. तिथं ‘तू कुठं निघालीस?’ विचारायचा हक्क कुणाकडे नसतो.

मग तुम्ही म्हणाल, वा, कोल्हापूर म्हणजे स्वर्गच! थांबा. स्टोरीचा दुसरा हाफ बाकी आहे.

नंतरच्या एका सीझनला मी शाहू स्टेडियमवर गेले. दोन पेठांच्या टीमची मॅच होती. कुठल्या ते नाही सांगत, मला पुन्हा मिसळ खायला जायचंय. इथं मेस्सी नव्हता, इथं गल्लीतलाच पोरगा खेळत होता आणि त्याचा चुलता माझ्या मागं बसून त्याला इन्स्ट्रक्शन देत होता. पहिल्या दहा मिनिटांत मला तिघांनी विचारलं, ‘कुठल्या तालमीचं?’ मी ‘नांदेडची’ म्हटलं तर इथं कुणी टाळ्या पिटल्या नाहीत. ‘मग हितं कशाला बसलाय?’ प्रश्न साधा होता. त्या स्टँडमध्ये बसणं म्हणजे एक बाजू घेणं असतं, हे मला कळत नव्हतं एवढंच. मैदानाला पोलिसांचं कडं होतं. बायका बोटांवर मोजाव्यात एवढ्या. एका टॅकलनंतर दोन्ही बाजूंनी जे शब्द उडाले, ते मराठी असूनही मला नवीन होते!

त्या दिवशी काही झालं नाही. पण इथल्या सामन्यांत समर्थकांची हाणामारी, दगडफेक झाल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. त्या खोट्या नाहीत. जो आनंद खरोखर आपला असतो, पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो, त्याच्या भोवती कुंपणही तितकंच पक्कं असतं. काका ब्राझील हरल्यावर नऊ दिवस बोलले नाहीत, दहाव्या दिवशी बोलले. पेठेची टीम हरल्यावर न बोलणारी माणसं तिथं वर्षानुवर्षं न बोलता राहतात म्हणे. आणि ब्वेनोस आयर्सचं काय झालं? २० डिसेंबर २०२२ ला सुट्टी जाहीर झाली, लाखो माणसं रस्त्यावर उतरली, आणि प्लेअर्सची बस पुढं सरकेना म्हणून शेवटी त्यांना हेलिकॉप्टरनं न्यावं लागलं. आनंद हासुद्धा हाताबाहेर जाणारा प्रकार आहे.

तरीही मी कोल्हापूरच्या बाजूनं आहे. कारण साधं आहे. त्यांच्याकडे तालीम आहे, मैदान आहे, हलगी कुठं ठेवलीय ते ठाऊक आहे. जल्लोष आभाळातून पडत नाही, त्याची प्रॅक्टिस लागते. पेठेतल्या भांडणांचीच ती दुसरी बाजू आहे. ज्या पोरांना एकत्र चिडायची सवय असते, त्यांनाच एकत्र हसायचीही असते. वाट सोडायची सवयही तिथंच लागते.

आणि काकू. काकू शेजारी नसत्या, तर मी पायरीवरच राहिले असते, हे मला पक्कं माहीत आहे. त्या गर्दीत काकूंना ओळखणारी माणसं होती. त्यांच्या आवाजाला त्या रस्त्यावर वजन होतं, कारण त्या रस्त्यावर त्या दर वर्षी उतरत आल्या होत्या. वाट त्यांच्या शब्दावर सुटली. मेस्सीचा त्यात काही रोल नव्हता.

माझी मावसबहीण आता लातुरात ‘नीट’ची तयारी करतेय. तोच औसा रोड, तेच क्लास. मध्ये गेले होते तेव्हा तिनं माझ्या फोनमधला तो व्हिडिओ बघितला, काकूंनी ‘आत ठेव’ म्हणण्याआधीचा, चाळीस सेकंदांचा. पूर्ण बघितला, परत लावला, परत बघितला. गोल कुणी मारला, स्कोअर काय, काही विचारलं नाही. विचारलं ते हे, ‘ताई, तुला कुणी काही बोललं नाही?’

‘बोलले ना,’ म्हटलं. ‘वाट सोडा म्हणाले.’

तिला पटलं नसावं. तिनं पुन्हा फोन मागितला.

म्हणून एक छोटी रिक्वेस्ट, विशेषतः आमच्या मराठवाड्यातल्या दादालोकांना. पुढच्या वेळी कोणतीही टीम जिंकू दे, आपली किंवा उसनी. गल्लीत हलगी वाजेल, नाचता नाचता तुमचा घाम निघेल. तेव्हा एकदा मान वर करून गॅलरीकडे बघा. तिथं कुणीतरी चप्पल शोधत असेल. फार काही करायचं नाहीये. ‘या की खाली’ म्हणायचं, आणि थोडंसं बाजूला सरकायचं.